टेंपो न भरणारे कासमभाई

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, दुपारी चार. जागा: कर्जतला पिठाच्या गिरणीच्या माडीवरची आमची खोली. हजर: निवृत्त शिक्षक देशमुखसर, शिवणवर्ग चालवणारी फरीदा, आणि टिपण घ्यायला मी. गैरहजर: कासमभाई. सात वर्षांत पहिल्यांदा. विषय एकच: कासमभाईंची खोली. महिनाअखेर ती रिकामी करायची होती, आणि त्यांनी आम्हाला त्याबद्दल एक शब्दही सांगितलेला नव्हता.

इतिवृत्त लिहिण्यात माझा हात बसलेला आहे. विषय, चर्चा, ठराव, जबाबदारी कोणाची, कधीपर्यंत, असे पाच रकाने मी आखूनच ठेवते. त्या दिवशी विषय लिहिला आणि पुढचे चार रकाने तासभर कोरे राहिले. कोणाची खोली जाणार आहे ही बातमी मंडळाकडे आणण्याचं काम कासमभाईंचं. त्यांचीच बातमी असेल तर ती आणणार कोण? फरीदाला ती खालापूरच्या बाजारात, मेथीची जुडी निवडताना, भाजीवालीकडून कळली.

आमचं मंडळ लहान आहे. कर्जत, खालापूर, खोपोली या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबावर अचानक संकट आलं, म्हणजे कारखाना बंद पडला, कमावतं माणूस अंथरुणाला खिळलं, तर त्यांच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून तीन महिने त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. मालकाशी बोलायचं, थोडं भाडं भरायचं, काम शोधून द्यायचं. एका वेळी पाच कुटुंबं, त्याहून जास्त नाही. हा पाचाचा नियम माझा. हातात जेवढं मावतं तेवढंच धरावं असं माझं मत आहे.

पहिलं वर्षभर आम्ही हे काम अगदी चोख आणि अगदी निरुपयोगी पद्धतीनं केलं. माझे छापील फॉर्म होते, रंगीत फायली होत्या, देशमुखसरांच्या सुवाच्य अक्षरातली पत्रं होती. फक्त आम्ही पोचायचो तेव्हा खोलीला कुलूप असायचं. मग आम्ही शोध घेत कुणाच्या भावाच्या ओटीवर, कुणाच्या मेहुण्याच्या पडवीत जायचो, आणि तिथे अवघडून बसलेल्या माणसांना घोंगड्या आणि तांदूळ देऊन परत यायचो. वहीत "मदत केली" अशी नोंद व्हायची.

असंच एकदा दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली. साठीचा, उंच, जरासा वाकलेला माणूस दारात उभा राहिला. चौकड्यांचा शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी, चष्म्याच्या काड्यांना मागून सुतळी बांधलेली. माडी चढून आल्यामुळे खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसत त्यांनी विचारलं,

"घरवाली संस्था ती हीच का?"

मी म्हटलं, "हो. फॉर्म हवाय का?"

"फॉर्म नको. सांगायला आलोय. तुमी लोक मयतीला येता. दुखण्याला येत नाय."

देशमुखसरांनी चष्मा काढला. मी पेन खाली ठेवलं. माणूस आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. खिडकीशी जाऊन खाली रस्त्यावर उभा केलेला आपला निळा टेंपो एकदा बघितला आणि मग आमच्याकडे वळला.

"घर सोडायच्या आदल्या दिशी माणूस कुणाला फोन करतो, सांगा बगू."

"नातेवाइकांना," सर म्हणाले.

"त्यांना कशाला? त्यांच्यापासून तर लपवायचं असतं. टेंपोवाल्याला करतो! बायकोला कळायच्या आधी मला कळतं."

हे आमच्यापैकी कुणाला एका वर्षात सुचलं नव्हतं. कासमभाईंनी घरसामान हलवण्यात उमर घालवली होती. खोपोलीतल्या चाळींचे जिने त्यांना पायाखालचे होते. कुठल्या वळणावर कपाट उभं करावं लागतं, कुठल्या दारातून पलंग जातच नाही, हे त्यांना पाठ होतं. त्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं की गेल्या काही महिन्यांत त्यांनी चार कुटुंबांचं सामान भरलं आणि चौघांनीही टेंपो सुरू झाल्यावर, "कुठं जायचं?" या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. चौथ्यानं म्हटलं, "चाचा, थोडं पुढं तर घ्या." त्या "थोडं पुढं"नं त्यांची झोप गेली होती.

तेव्हापासून कासमभाई आमच्या प्रत्येक बैठकीला आले. दर खेपेला खिडकीशी उभे. चहा अर्धा कप आल्यावर, अर्धा निघताना. टेंपोच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं, फरीदानं एकदा विचारलं तर म्हणाले, "लिवलं की मागचा वाचत बसतो, ब्रेक मारत नाय." मी कुटुंबांना क्रमांक दिले होते. ते क्रमांक त्यांना कधी लक्षात राहिले नाहीत.

"सतरा नंबर म्हंजे कोण हो ताई?"

"खोपोली, रेल्वे लाइनपलीकडे. नवऱ्याचा पाय मोडलेला."

"हां, पितळी हंडेवाली! मग असं सांगा की."

माणसं त्यांना सामानावरून आठवायची. लोखंडी कपाटवाले, दोन शिलाई मशीनवाली, कॅरमबोर्डवाले मास्तर. गंमत म्हणजे वर्षभरात मीही वहीत क्रमांकाशेजारी बारीक अक्षरात "पितळी हंडे" असं लिहायला लागले.

त्यांची काम करण्याची रीत सांगायला हवी. सामान हलवायचा फोन आला की ते आदल्या संध्याकाळी "सामान किती हाय बगून जातो" असं म्हणून घरी जायचे. हा रिवाज कुठल्याच टेंपोवाल्याचा नाही. दाराशी बसायचे, पाणी मागायचे, आणि नजर फिरवायचे. चांगल्या घरी जाणारं माणूस, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, खोकी जमवतं. घालवून दिलेलं माणूस चादरीत गाठोडी बांधतं. चांगल्या घरी जाणारं भिंतीवरचा आरसा आधी उतरवतं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे झाडं.

"तुळस कुठं हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. डोक्यावर टोपी घातलेला माणूस दाराशी बसून तुळशीची चौकशी करतोय म्हटल्यावर घरातली बाई चकित व्हायची आणि खरं बोलून जायची. "शेजारी दिली" म्हणाली की कासमभाईंना कळायचं: हिला आपण कुठं जाणार ते माहीत नाही. जागा ठाऊक नसली की बायका भांडी नेतात, झाडं मागे ठेवतात.

खूण पटली की त्यांचा क्लच जायचा. सकाळी टेंपो दाराशी यायचा आणि तिथेच बंद पडायचा. "क्लच गेला. उद्यापर्यंत थांबायला लागंल." मग कोपऱ्यावर जाऊन मला फोन. घाटाखाली वसलेल्या खोपोलीत क्लच जाण्याबद्दल कुणी शंका घेत नाही. त्या एका दिवसात आम्ही पोचायचो आणि मालकाशी, घरच्यांशी बोलणं व्हायचं. कितीतरी खोल्या त्या एका दिवसानं वाचल्या. कासमभाईंची मात्र त्या दिवसाची कमाई बुडायची, आणि "खटारा" म्हणून धंद्यात नाव खराब व्हायचं ते वेगळंच.

एकदा हे शास्त्र साफ फसलं.

खालापूरच्या म्हात्रेबाईंनी टेंपो सांगितला होता. कासमभाई संध्याकाळी बघायला गेले. चादरीतली गाठोडी. तुळस शेजारी. बाईंचे डोळे लाल.

"कुठं जायचं ताई?"

"जवळच."

"जवळ म्हंजे कुठं?"

"तुम्ही उद्या भरा तर आधी. मग सांगते."

सकाळी आठला क्लच गेला. साडेआठला मी आणि देशमुखसर हजर. बरोबर फॉर्म, दोन घोंगड्या आणि चेहऱ्यावर प्रसंगाला शोभेलसं गांभीर्य. मी म्हात्रेबाईंचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "घाबरू नका. तुम्ही एकट्या नाही."

"एकटी कशी असेन?" बाई ओरडल्या. "तिकडे भटजी येऊन बसलेत!"

त्यांच्या मुलानं गावाबाहेर स्वतःचं घर बांधलं होतं. सव्वादहाला वास्तुशांतीचा मुहूर्त होता. नजर लागू नये म्हणून त्यांनी सख्ख्या जावेलाही पत्ता सांगितला नव्हता, मग टेंपोवाल्याला कशाला सांगतील? नव्या अंगणात वृंदावन आधीच बांधलेलं, म्हणून डब्यातली तुळस शेजारणीला दिली. आणि डोळे लाल, कारण बावीस वर्षं काढलेली खोली सुटत होती.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. कासमभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे, मग टेंपोच्या पुढ्यात जाऊन बॉनेट उघडून बंद केलं.

"ताई, क्लच बरा झाला."

त्यांनी चाळीस मिनिटांत दोन खेपा मारल्या. देशमुखसरांनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मिक्सर आणि देव्हारा डोक्यावरून नेला. मुहूर्त गाठला. बाई मात्र जेवायला वाढतानाही धुमसत होत्या.

"कुणाची नजर लागू नये म्हणून एवढी गुप्तता पाळली, आणि तुम्ही सगळं गाव गोळा केलंत!"

"नजर कशी लागंल?" कासमभाई जिलबी तोडत म्हणाले. "आमी तर तुमची दया करायला आलो व्हतो."

त्यावर बाईंना हसू फुटलं. जेवण झाल्यावर कासमभाईंनी हात धुतले आणि तिथूनच म्हात्र्यांच्या जुन्या घरमालकाकडे गेले. बाईंची सुटलेली खोली संध्याकाळपर्यंत कॅरमबोर्डवाल्या मास्तरांना मिळालेली होती.

मालकांशी बोलण्याची त्यांची तऱ्हा मी खोपोलीत पाहिली. तिथे दहा खोल्यांची चाळ असलेले एक तात्या होते. त्यांच्या सहा नंबरात सुनंदा नावाची बाई राहायची. नवरा वेल्डर, कारखाना बंद पडल्यामुळे घरी. मुलगी दहावीला. तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि तात्यांनी खोली खाली करायला सांगितली होती. मी बोलण्याचे मुद्दे क्रमानं लिहून नेले होते. पहिला मुद्दा मुलीची परीक्षा. कासमभाई म्हणाले, "ताई, कागद पिशवीत ऱ्हाऊंदे."

आत गेल्यावर ते बराच वेळ छताकडे बघत बसले. शेवटी तात्याच म्हणाले, "काय बघतोस रे कासम?"

"काय नाय. सहा नंबर खाली करताय म्हणं."

"मग काय आरती ओवाळू?"

"करा की. तुमची खोली हाय. पण तात्या, रिकामी खोली आजारी पडते. मागच्या साली चार नंबर रिकामी ठेवली, काय झालं?"

तात्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

"सांगा की."

"वाळवी लागली."

"आन् मग जो भाडेकरू आला?"

"तो हरामखोर चार महिन्यांत पळाला. जाताना बल्बसुद्धा काढून नेले!"

"ही बाई बल्ब नेणारी हाय का?"

"ती?" तात्या म्हणाले. "ती रोज जिनासुद्धा धुते."

"जिन्याचा कठडा हलतोय बरं का. मगाशी धरला तर हातात आला. आन् सहा नंबरात वेल्डर रिकामा बसलाय."

तात्यांनी आधी कासमभाईंकडे, मग माझ्याकडे बघितलं. वेल्डरनं कठडा केला, गच्चीवरचे पत्रे बसवले, पाण्याच्या टाकीचा स्टँड केला. त्यात दोन महिने वळते झाले, एक आम्ही भरला. मुलगी त्याच खोलीतून दहावी झाली.

निघताना तात्या म्हणाले, "कासम, तू वकील व्हायचास रे."

"वकील झालो असतो तर खोली खाली करून दिली असती, तात्या."

मलाही त्यांनी एकदा धडा दिला. कडावच्या पुढे एका फार्महाउसवर ठकीबाई आणि त्यांचे यजमान राखणदार होते. डोंगराखालच्या कातकरी वाडीतली माणसं. फार्महाउस विकलं गेलं, नव्या मालकानं दोन दिवसांत खोली सोडायला सांगितली. मी दोन दिवसांच्या आत कर्जतला खोली मिळवली. नळ, पंखा, शेजारी शाळा. ठकीबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. तो मी होकार धरला.

सामान भरायच्या वेळी कासमभाई त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"कुठं जायचं गं बाय?"

ठकीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. मग म्हणाल्या, "वाडीवर."

वाडीवर त्यांच्या भावाच्या झोपडीला लागून जागा होती. हवे होते फक्त आठ पत्रे आणि चार खांब. माझ्या खोलीपेक्षा ते स्वस्तात झालं असतं, आणि झालंही. परतताना टेंपोत मी भरलेला फॉर्म चाळत होते. कासमभाई गाडी चालवत म्हणाले, "ताई, तुमी सगळं इचारलंत. रेशनकार्ड इचारलं, पोरं किती ते इचारलं. जायचं कुठं ते नाय इचारलं."

घरी येऊन मी फॉर्म नव्यानं लिहिला. सगळ्यात वर एकच प्रश्न: तुम्हाला काय हवं आहे? आणि तळाशी सही किंवा अंगठा. पुढच्या बैठकीत कासमभाईंच्या सूचनेवरून ठराव झाला की घरच्या माणसानं स्वतः तोंडानं सांगितल्याशिवाय मंडळानं कुणाच्याही घरात हात घालायचा नाही.

त्याच ठरावानं नोव्हेंबरात आमचे हात बांधले.

आता दिसतं की खुणा होत्या. उन्हाळ्यापासून कासमभाई एसटीनं यायला लागले होते. टेंपो कामाला लावलाय, म्हणायचे. खिडकीशी मात्र सवयीनं उभे राहायचे आणि खाली बघायचे. खाली काही नसायचं. डोळ्यांत पडदा वाढल्यामुळे त्यांचं लायसन पुन्हा झालं नव्हतं. टेंपो विकला होता, आणि त्याचे पैसे त्यांच्या बायकोच्या, जुलेखाभाभींच्या गुडघ्यांच्या दवाखान्यात गेले होते. त्यातच खालापूरच्या त्यांच्या खोलीचा म्हातारा मालक वारला आणि मुलांनी ती जागा विकायला काढली. सात वर्षं दुसऱ्यांच्या चादरी-गाठोड्यांवरून भविष्य सांगणाऱ्या माणसाकडे आम्ही कुणी नीट बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर सगळं लिहून ठेवते.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी खालापूरला गेले. एक खोली, पुढे पडवी, आणि पडवीपुढे जिथे टेंपो उभा राहायचा तिथे तेलाचा काळा डाग. कासमभाई पायरीवर दोरखंडांची वेटोळी करत बसले होते.

"या ताई. रविवारचं कोण गेलं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "वही मिटा. चाय घ्या."

"फॉर्म आणलाय. वरच्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि खाली सही करा. बाकी मी बघते."

"माजं सगळं ठरलेलं हाय. म्हसळ्याला पोरीकडं जातोय."

"पाहुण्याची ओटी म्हणजे घर नव्हे, असं तुम्हीच लोकांना सांगायचात."

"पाहुण्याची. ही माजी पोर हाय."

आतून जुलेखाभाभींचा आवाज आला. "जावयाच्या दोन खोल्या नि माणसं सहा. त्यात आमी दोगं. सांगा की खरं."

"तू गप गं."

"का गप? सात वरसं लोकांच्या बायकांना इचारलंत, कुठं जायचं, कुठं जायचं. मला इचारलंत?"

कासमभाईंच्या हातातलं दोरखंड थांबलं. भाभी भिंतीला धरत दारापर्यंत आल्या होत्या. मी फॉर्म त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो बघितला, वाचला नाही.

"यांनी व्हय म्हटलं तर आत्ता सही करते. यांना न इचारता केली तर घरात ऱ्हाऊन घर गेल्यासारखं."

मी कासमभाईंना म्हटलं, "का नाही म्हणता, ते तरी सांगा."

"तुमच्याकडं पाच हायत," ते म्हणाले. "पाची चालू. सहावी थांबलीय, ती खोपोलीची, लहान मूल असलेली. मीच आणलीय तिला. माजं नाव घातलं की ती सातवी झाली."

"पाचाचा नियम माझा आहे. मीच मोडते."

"मोडा ना. तिच्यासाठी मोडा. माज्यासाठी नको."

पुढचे दोन आठवडे आम्ही ठरावाच्या कडेकडेनं जमेल ते केलं. देशमुखसर मालकाच्या मुलांना भेटले. मुलं सभ्य होती, पण इसार घेऊन बसली होती. फरीदानं खोपोलीत एक खोली पाहिली, ती तिसऱ्या मजल्यावर; भाभींना तीन पायऱ्या चढवत नव्हत्या. सहाव्या कुटुंबासाठी मी नियम मोडला आणि तसं कासमभाईंना कळवलं, वाटलं त्यांचं मन वळेल. "शाबास ताई," म्हणाले, आणि सही केली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं खालापूरला गेलो. कडावच्या दिगंबरचा टेंपो दाराशी लागला होता. दिगंबर कधीकाळी कासमभाईंच्याच हाताखाली गाडी शिकलेला, आता चाळिशीचा बाप्या. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. कासमभाई मात्र कामात होते.

"कपाट आडवं नको रं, दार उघडतंय! उभं कर. आदी गादी लाव मागं. तुला शिकवलं ते गेलं कुठं?"

"चाचा, बसा ना तुम्ही."

"बसतो. तू गाठ बरोबर मार."

सामान फार नव्हतं. भाभींना पुढे बसवून झालं. कासमभाई खोलीत परत गेले, कोपरे झाडले, आणि मालकाच्या मुलाच्या हातात किल्ली दिली. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. जुना, बटणांचा, रबरबँड लावलेला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग कानाला लावला.

"हां, बोला... हां, मीच कासम. कदी, उद्या? सामान किती हाय?... बरं. कुठं जायचं?"

आम्ही सगळे थांबलो. पलीकडून उत्तर येत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरं बरं, नका सांगू. रडू नका. संध्याकाळी आमच्या ताई येतील बगायला. त्यांना पानी द्या."

फोन बंद केला आणि माझ्या हातात दिला.

"खोपोली. शिळफाट्याच्या अंगाला. आवाज बाईचा हाय."

मी नंबर लिहून घ्यायला पेन काढलं. ते म्हणाले, "लिवता काय? ठेवा तुमच्याकडंच. हा नंबर लोकांनी भिंतींवर लिवलाय. तो हितंच पायजे."

"आणि तुम्हाला फोन कुठे करायचा?"

"तिकडं मला कोन सामान भरायला बोलावणार हाय?"

"मुलीचा नंबर तरी द्या."

"नको. तुमी वहीत लिवाल."

दिगंबरनं गाडी सुरू केली. कासमभाई वर चढले, दार दोनदा ओढून लागलंय का ते पाहिलं. टेंपो हायवेच्या बाजूला वळेपर्यंत त्यांचा हात बाहेर होता. आमच्यासाठी हलवत होते असं मला आधी वाटलं, पण ते मागून येणाऱ्या एसटीला पुढे जायची खूण करत होते.

त्या संध्याकाळी मी एकटी शिळफाट्याच्या त्या घरी गेले. पाणी मागितलं, घोटभर पिऊन घेतलं, आणि मग विचारलं. ते कुटुंब अजून त्याच खोलीत आहे; मालकाशी बोलण्यावरच भागलं, यादीत सातवं नाव घालावं लागलं नाही. फोन माझ्या पर्समध्ये असतो आणि आठवड्यातून एखाद-दोनदा वाजतो. "कासमभाई हायत का?" असं विचारतात. मी म्हणते, मी त्यांच्याकडची.

आता जानेवारी आहे. डिसेंबरात दोन कुटुंबं आपल्या पायावर उभी राहिली. म्हणजे सध्या चार आहेत आणि एक जागा मोकळी आहे. कासमभाईंच्या हिशेबानंसुद्धा कुणाचा नंबर जात नाही. कडावला दूध डेअरीच्या मागे तळमजल्याची एक खोली मिळतेय. दाराला उंबरठा आहे, पायरी नाही. मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. देशमुखसरांनी तिथली भिंत बघितली, ओल नाही. फरीदानं शेजारणींशी बोलून ठेवलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. भाडं पहिले तीन महिने मंडळाचं. यादीत नऊ कामं होती. आठ झाली.

नववं माझं आहे. म्हसळ्याला जाणे, दोघांना विचारणे, सही घेणे. पत्ता नाही, पण कासम टेंपोवाल्याची मुलगी म्हटल्यावर कुणीही दाखवेल. खोपोलीहून सकाळची एसटी आहे. गेल्या आठवड्यात दोनदा पिशवी भरली आणि दोन्ही वेळा दुसरं काहीतरी तातडीचं काम काढलं. मला तातडीची कामं फार सहज सापडतात. तिथे जाऊन त्यांनी पुन्हा नाही म्हटलं, तर कडावची खोली दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, हे मला माहीत आहे. भाभी काय म्हणतील तेही माहीत आहे.

महिना संपायला अकरा दिवस आहेत. फॉर्म पिशवीतच आहे. वरचा प्रश्न छापलेला, खाली दोन सह्यांची जागा कोरी.